घराचा स्लॅब नक्की किती वजन घेतो? टाकी, बाग, फिश टँक, भिंत, सगळ्याचा हिशोब

प्रश्न थोडक्यात असा आहे. घर १५ वर्षांचं, आरसीसी फ्रेमचं (सळई घातलेल्या काँक्रीटच्या कॉलम-बीमचं), स्लॅब ५ इंची. वरच्या मजल्यावर १२ बाय १४ ची खोली आहे, तिथे मोठा फिश टँक आणि पुस्तकांची कपाटं ठेवायचीयेत, जमलं तर मध्ये एक पार्टिशन भिंत, आणि गच्चीवर २००० लिटरची टाकी बसवून माती टाकून बाग करायचीये. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो ५ इंची स्लॅब आहे, बिनधास्त टाका काय टाकायचं ते. तर टाकायचं का?

सगळंच टाकू नका आणि सगळ्यालाच घाबरूही नका. यातल्या काही गोष्टी आरामात होतील, काही जागा बदलून होतील, आणि एक-दोन खरंच करू नका. का ते सविस्तर सांगतो, कारण "५ इंची स्लॅब" या एका वाक्यावर लोक टनावारी वजन चढवतात हे मी साइटवर कायम बघत आलोय.

आधी एक आकडा बघा. घरासाठी साधारण एम-२० ग्रेडचं काँक्रीट वापरतात, आरसीसीसाठी आयएस ४५६ या भारतीय कोडप्रमाणे त्याच्या खाली जायचंच नसतं. एम-२० म्हणजे २८ दिवसांनी १५ सेंमीचा क्यूब प्रेसमध्ये दाबला तर दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन. म्हणजे चौरस सेंटीमीटरला साधारण २०० किलो, आणि एका चौरस मीटरला हिशोब केला तर २००० टन! आणि राहत्या घराचा स्लॅब डिझाइन करताना माणसं-फर्निचर मिळून वजन किती धरतात? चौरस मीटरला २०० किलो. टन नाही, किलो. हे आयएस ८७५ या वजनांच्या कोडच्या दुसऱ्या भागात दिलेलं आहे आणि प्रत्येक इंजिनीअर तेच धरतो.

एवढा फरक का? कारण स्लॅब चुरडून पडतच नाही, तो वाकून पडतो. बीमवर टेकलेल्या स्लॅबवर वजन आलं की तो मध्ये खाली झुकतो, वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. काँक्रीट दाबात पक्कं पण ताणात कच्चं, ताण सोसायची त्याची ताकद दाबाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासच असते, म्हणून तो ताण घ्यायला खालच्या बाजूला सळई घालतात. म्हणजे स्लॅबची ताकद ठरते ती सळई किती आणि मुख्य म्हणजे कुठे आहे, स्पॅन (दोन बीममधलं अंतर) किती आहे, आणि वजन कुठे ठेवलंय यावर. जाडी हा त्यातला एकच भाग.

स्पॅनचं बघा. तेवढाच पसरलेला लोड असेल तर वाकवणारा जोर स्पॅनच्या वर्गाने वाढतो. १० फुटांचा स्पॅन १४ फूट केला तर जोर जवळजवळ दुप्पट होतो आणि झोल (मध्ये खाली झुकणं) जवळजवळ चौपट, कारण झोल चौथ्या घाताने वाढतो. म्हणून शेजाऱ्याच्या ५ इंची स्लॅबवर काय चालतं यावरून तुमच्या ५ इंची स्लॅबचं ठरवू नका. आणि वजनाच्या जागेचं बघा, दोन टोकांना टेकलेल्या पट्टीवर तेच वजन पसरून न ठेवता बरोब्बर मध्ये एकवटलं तर वाकवणारा जोर दुप्पट होतो. तेच वजन बीमच्या अगदी जवळ सरकवलं की स्लॅबला जवळपास काहीच कळत नाही, ते सरळ बीममधून कॉलमला जातं. तुमच्या निम्म्या प्रश्नांचं उत्तर या एकाच गोष्टीत आहे.

आता तुमच्या खोलीचा हिशोब करू. १२ बाय १४ म्हणजे साधारण १५ चौरस मीटर, २०० किलोने ३ टन झाले. कागदावर ३ टन वापरता येतात, पण पसरून. बाकी ५ इंची स्लॅबचं स्वतःचं वजनच चौरस मीटरला साधारण ३१० किलो, वर फरशी आणि तिच्या खालचा मसाला याचे १०० किलो, आणि मग तुमचे २००. म्हणजे एकूण ६१० मधले निम्मे तर स्लॅब स्वतःलाच उचलायला वापरतो. इथे एक गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही ती म्हणजे रिनोव्हेशन. जुनी फरशी न काढता तिच्यावर दोन इंच मसाला आणि नवीन टाइल्स लावल्या की चौरस मीटरला सव्वाशे किलोच्या आसपास वाढतात, या खोलीत जवळजवळ १९०० किलो, आणि ते कायमचे. तुमच्या २०० मधले सव्वाशे गेले की उरले ७५, मग त्यात पलंग, कपाटं, पाहुणे सगळं बसवायचं. फरशी बदलायची तर जुनी काढूनच बदला, धूळ होते, आवाज होतो, पण काढा. आणि काढताना ब्रेकर न लावता छिन्नी-हातोडीने काढा.

फिश टँक घेऊ. ४ फूट लांब, दीड रुंद, दीड उंच म्हणजे साधारण अडीचशे लिटर पाणी, काच, वाळू, दगड, स्टँड धरून साडेतीनशे किलोच्या आसपास. खालची जागा जेमतेम अर्धा चौरस मीटर, म्हणजे आकडा ६०० च्या वर जातो आणि लोक घाबरतात. पण हा टँक बीमच्या वर येणाऱ्या भिंतीला लांबीने चिकटवून ठेवला तर चांगल्या अवस्थेतल्या स्लॅबला काही होत नाही, पुढची जागा मोकळीच असते. खोलीच्या मध्यात डिव्हायडर म्हणून मात्र ठेवू नका. स्टँडच्या चार पायांखाली जाड प्लायचा सलग तुकडा टाका, नाहीतर फरशी तडकेल.

पुस्तकांचं तसंच. ३ फुटी, सहा खणांचं कपाट ठासून भरलं तर दोनशे-अडीचशे किलो सहज होतं. भिंतीलगत एक ओळ ठेवा, ठीक आहे. पण खोलीत रांगा लावून लायब्ररी करू नका, लायब्ररीच्या रॅकच्या खोलीला कोडमध्ये चौरस मीटरला ६०० किलो धरायला सांगितलंय, घराच्या तिप्पट. घरातला हॉल क्लासला, ऑफिसला किंवा दुकानाच्या गोडाऊनला भाड्याने देतात तेव्हाही हाच घोळ होतो, कागदांचे गठ्ठे आणि टाइल्सचे बॉक्स फार जड असतात हो. बांधकाम चालू असताना सिमेंटची थप्पी बघा, १० गोण्या एकावर एक म्हणजे ५०० किलो, आणि जागा एका गोणीची! नव्या स्लॅबवर मधोमध विटा आणि वाळूचा ढीग टाकलेला दिसला तर लगेच हलवायला लावा, भांडण झालं तरी चालेल.

पार्टिशन भिंत. ४ इंची विटांची १० फूट उंच भिंत, दोन्हीकडून गिलावा, एका मीटरला साडेसातशे-आठशे किलो होते. १० फूट लांब बांधली की सव्वादोन-अडीच टन, तेही एका रेषेत, तेही बहुधा स्लॅबच्या मध्यातून. खाली बीम नसेल तर करू नका. एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ब्लॉकची) केली तर वजन निम्म्याहून खाली येतं, तरी डिझाइन करणाऱ्याला विचारूनच. जिप्सम बोर्ड किंवा प्लायचं पार्टिशन खुशाल करा, त्याचं वजन या हिशोबात धरण्यासारखंही नाही.

आता गच्ची, आणि माझी खरी काळजी इथे आहे. जाता-येता येणाऱ्या गच्चीला कोडमध्ये चौरस मीटरला फक्त १५० किलो धरतात, म्हणजे खोलीपेक्षाही कमी. गच्ची उघडी, रिकामी, म्हणून आपल्याला वाटतं इथे काहीही चालेल, पण स्लॅबच्या दृष्टीने ती घरातली सगळ्यात कमी वजनाची जागा आहे. १००० लिटरच्या टाकीखाली चौरस मीटरला हजार-अकराशे किलो येतात, तुमची २००० ची म्हणजे एका जागी २ टन. ही टाकी थेट स्लॅबवर ठेवायचीच नाही. जिथे खाली कॉलम आहेत तिथे, शक्यतो जिन्याच्या कॅपच्या भागात, बीमच्या बरोब्बर वर विटांचे नाहीतर काँक्रीटचे खांब घ्या, त्यावर आडव्या लोखंडी गर्डर नाहीतर छोटा आरसीसी स्लॅब आणि त्यावर टाकी. वजन बीमला गेलं, स्लॅब सुटला. वर टाकी उंच झाली म्हणून नळाला प्रेशरही बरं मिळतं.

बाग. एक फूट ओली माती म्हणजे चौरस मीटरला ५०० ते ६०० किलो, गच्चीच्या हिशोबाच्या चौपट. आणि पावसाळ्यात ती ओलीच राहणार, म्हणजे हे वजन चार महिने उतरणारच नाही. काँक्रीटला कायमचं वजन जास्त जाचतं, झोल वर्षानुवर्षं हळूहळू वाढत राहतो. सलग मातीचे वाफे नकोच. पालापाचोळा, कंपोस्ट, कोकोपीट यांच्या मिश्रणात भाजी छान येते, ओलं असतानाही ते मातीच्या निम्म्याच्या आसपास भरतं. ग्रो बॅग पॅरापेटच्या कडेने, बीमच्या वर लावा, मध्य मोकळा ठेवा, आणि बॅगा विटांवर उचलून ठेवा म्हणजे खाली पाणी साचून ओल उतरणार नाही.

गच्चीचं आणखी एक. गळती झाली की ब्रिकबॅट कोबा (विटांचे तुकडे आणि मसाल्याचा, पाणी अडवणारा थर) करतात, चांगलं काम आहे ते, पण ४ इंच कोबा म्हणजे चौरस मीटरला साधारण २०० किलो. काही वर्षांनी परत गळतं, मग कॉन्ट्रॅक्टर म्हणतो जुना फोडत बसण्यापेक्षा त्याच्यावरच नवीन मारू. एका जुन्या सोसायटीत कोर (आरपार कापलेला गोल नमुना) काढला तेव्हा मला कोब्याचे असे दोन पूर्ण थर आणि वर चायना मोझॅक सापडलं होतं, खाली स्लॅब साडेचार इंचाचा! म्हणजे स्लॅबच्या स्वतःच्या वजनापेक्षा डोक्यावरचं वजन जास्त, आणि रहिवाशांना याची कल्पनाच नाही. तुमच्या गच्चीवर आधी काय काय केलंय हे बागेआधी शोधा. जुना कोबा काढूनच नवीन करा.

आता मी "सळई कुठे आहे" म्हणालो त्याचं. सगळ्यात वाईट उदाहरण बाल्कनी आणि छज्जा. तिथे एकच टोक धरलेलं असतं, बाहेरचं टोक खाली झुकतं, म्हणजे ताण वरच्या बाजूला येतो आणि मुख्य सळई वर पाहिजे. १२५ मिमी जाडीत २० मिमी कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) आणि ८ मिमीचा बार धरला तर स्लॅबच्या तळापासून बारच्या मध्यापर्यंत १०१ मिमी अंतर मिळतं, आणि बाल्कनीची सगळी ताकद या अंतरावर आहे. स्लॅब भरायच्या दिवशी मिक्सर चालू होतो, घमेली फिरतात, माणसं त्याच सळयांवरून ये-जा करतात, खाली खुर्च्या (सळई वर धरून ठेवणारे लोखंडी आधार) नसतील नाहीतर पातळ असतील तर वरची जाळी हळूहळू ४० मिमी खाली बसते. काँक्रीट पडलं की वरून काही दिसत नाही. १०१ चे ६१ झाले म्हणजे ताकद साधारण ६० टक्क्यांवर आली, सळई तेवढीच, सिमेंट तेवढंच, बिल तेवढंच. म्हणून बाल्कनीच्या सळयांखाली प्रत्येक मीटरभरावर खुर्ची लावा, चालायला फळ्या टाका, आणि त्या कोपऱ्यात एक माणूस फक्त सळई बघायला उभा करा. सेंट्रिंग (फळ्या-टेकू) बाल्कनीखालचं सगळ्यात शेवटी काढा, आणि मागचा स्लॅब-भिंत तिला धरून ठेवायला तयार झाल्याशिवाय काढूच नका.

आणि अशा बाल्कनीवर आपण काय करतो? विसर्जनाची मिरवणूक बघायला तीस माणसं कठड्याला टेकून उभी राहतात. खच्चून उभ्या गर्दीचं वजन चौरस मीटरला ४०० किलोच्या वर जातं, बाल्कनीला कोडमध्ये ३०० धरतात, आणि गर्दी बरोब्बर बाहेरच्या टोकाला असते जिथे ती सगळ्यात जास्त वाकवते. जुन्या घराच्या बाल्कनीत वरच्या बाजूला, भिंतीला लागून, भिंतीच्या समांतर चीर दिसत असेल तर त्या बाल्कनीचं दार बंद करून टाका आणि इंजिनीअरला बोलवा, मग बाकीचं.

बांधत असाल तर स्लॅबच्या दिवशी अजून दोन गोष्टींवर नजर ठेवा. पाणी आणि क्युरिंग. ५० किलोच्या गोणीला अर्ध्या रेशोने (सिमेंटच्या निम्मं पाणी) २५ लिटर पाणी लागतं, त्यातही वाळू ओली असेल तर कमी. काँक्रीट पसरायला सोपं जावं म्हणून मजूर बादली वाढवतात, रेडीमिक्सच्या गाडीतही वरून पाइप सोडतात. २५ चे ३२-३३ लिटर झाले की ताकदीतला पाव ते तिसरा हिस्सा गेला समजा, आणि वाळल्यावर चिरा पडणार त्या वेगळ्याच. वाहतं पाहिजे असेल तर प्लास्टिसायझर घाला, पाणी नको. क्युरिंगला आपल्याकडचं बहुतेक सिमेंट पीपीसी (राख मिसळलेलं) असतं, त्याला कोडप्रमाणे किमान १० दिवस, १४ केलेलं चांगलं. वाफे करून पाणी भरून ठेवा, दिवसातून दोनदा पाइप मारणं म्हणजे क्युरिंग नाही. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये स्लॅब टाकत असाल तर संध्याकाळकडे टाका आणि पृष्ठभाग जरा आवळला की ओली गोणपाटं टाका, गरम वाऱ्याने पहिल्या काही तासांतच चिरा पडतात. टेकू काढायला कोडमध्ये साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबला ७ दिवस, त्यापुढे १४ दिलेत, पण ते साध्या ओपीसी सिमेंटसाठी. पीपीसीला घाई करू नका.

तळमजल्याची गोष्ट वेगळी आहे, तिथे फरशीखालचं काँक्रीट जमिनीवर टेकलेलं असतं, वाकायचा प्रश्न खालची भर खचली तरच येतो. म्हणून पार्किंग, वर्कशॉप, धान्याचं गोडाऊन, जड जिमची मशिनं हे सगळं तळमजल्यावरच ठेवा. तिथे पैसा काँक्रीटच्या जाडीआधी भरावावर घाला, मुरूम थराथराने, पाणी मारून, धुम्मस नाहीतर रोलर फिरवून, मग सोलिंग (दगडांचा थर), मग पीसीसी (सळईशिवायचं काँक्रीट). गाड्या फिरणार असतील तर ट्रिमिक्स (जादा पाणी शोषून काढलेलं काँक्रीट) करा आणि दुसऱ्या दिवशीच कटर मारून जॉइंट पाडा, नाहीतर काँक्रीट स्वतःच्या मर्जीने तडकेल. काळ्या मातीत ती माती शक्य तेवढी काढल्याशिवाय फरशी सहसा टिकत नाही.

स्लॅबचं अजून एक काम आहे जे रोज दिसत नाही. भूकंपात तो सगळ्या भिंती आणि कॉलम एकत्र बांधून ठेवतो आणि आडवा धक्का सगळ्यांत वाटून देतो. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत जी घरं पडली त्यात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचं जड धाबं होतं, एकमेकांना बांधणारं काहीच नव्हतं. पण याचा अर्थ जुन्या दगड-मातीच्या भिंतींवर आरसीसी स्लॅब टाकला की घर पक्कं झालं असा नाही. धाबं काढून तसल्याच भिंतींवर स्लॅब टाकलेली घरं गावोगाव आहेत, भिंत कच्ची ती कच्चीच राहते आणि डोक्यावर वजन असतंच. असं घर असेल तर आधी भिंतींचं मजबुतीकरण आणि बँड (सगळ्या भिंतींना सभोवार बांधणारा आडवा पट्टा).

तुमच्या १५ वर्षांच्या स्लॅबकडे वळतो. खालून नीट बघा. केसासारख्या, जाळीसारख्या चिरा गिलाव्यात असतील तर फारसं काही नाही. सरळ रेषेत, ठरावीक अंतरावर तपकिरी डाग किंवा चिरा असतील तर त्या सळईच्या रेषा आहेत, आत गंज चालू झालाय. गंजलेलं लोखंड फुगतं, मूळच्या कितीतरी पट जागा घेतं आणि खालचं कव्हर ढकलून पाडतं. हातोडीने हलकं ठोका, पोकळ आवाज आला तिथे कव्हर सुटलंय. कोकणात आणि मुंबईत खारी हवा, त्यात कधीकाळी न धुतलेली खाडीची वाळू वापरली असेल तर हे लवकर होतं. पोपडे पडले की वरून सिमेंट फासून रंग मारू नका, गंज आत चालूच राहतो. सैल काँक्रीट काढून, सळई घासून, गरज असेल तिथे नवीन सळई जोडून पॉलिमर मॉर्टर लावतात, आणि त्याआधी वरची गळती बंद करतात. झोल बघायला या बीमपासून त्या बीमपर्यंत दोरी ताणा, एकूण झोलाची मर्यादा स्पॅन भागिले २५०, तुमच्या १२ फुटांना साधारण १४-१५ मिमी. दोरीने दीड-दोन सेंटीमीटर दिसला तर त्यात गिलाव्याचा भाग किती हे इंजिनीअरला तपासू द्या.

ड्रॉइंग सापडलं तर अर्धं काम झालं. नाही सापडलं तर रीबार लोकेटरने सळयांचं अंतर आणि कव्हर कळतं, गरज वाटली तर कोर काढून ताकद. आणि एवढं करूनही शंका राहिली, म्हणजे खोलीचा वापर बदलायचाच असेल, तर लोड टेस्ट करता येते. नेहमीचं स्वतःचं वजन तसंच ठेवून, वापराच्या वजनाच्या सव्वापट, म्हणजे चौरस मीटरला २५० किलो, वाळूच्या पोत्यांनी पसरून रचतात, ५० किलोची पाच पोती प्रत्येक चौरस मीटरला, तुमच्या खोलीत ७५ च्या आसपास. ती टप्प्याटप्प्याने चढवायची, खाली डायल गेज (झोल मोजायचे) लावायचे आणि सुरक्षेसाठी थोडी फट ठेवून टेकू उभे करायचे, खाली कोणी थांबायचं नाही. २४ तास वजन ठेवून काढतात आणि पुढच्या २४ तासांत आलेल्या झोलाचा किमान ७५ टक्के भाग परत गेला पाहिजे. नाही गेला तर ७२ तासांनी टेस्ट पुन्हा, तेव्हा ८० टक्के. त्यातही नापास झाला तर त्या खोलीत कपाटंही नकोत, आधी स्लॅबखाली स्टीलचे बीम घेऊन स्पॅन तोडायचा, मग पुढचं बोलू.